एका रनिंग बॅकची किंमत

२० ऑक्टोबर २०२२ रोजी सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाने कॅरोलायना पँथर्सकडून ख्रिश्चन मॅकॅफ्री हा रनिंग बॅक घेतला. बदल्यात रोख रक्कम दिली नाही की दुसरा खेळाडूही दिला नाही. दिले ते नवे खेळाडू निवडण्याचे चार हक्क: २०२३ च्या ड्राफ्टमधल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फेरीतले एकेक, आणि २०२४ च्या पाचव्या फेरीतला एक. बातमी येताच नाइनर्सच्या चाहत्यांत उभी फूट पडली. एका गटाचे म्हणणे, लीगमधला सर्वांत अष्टपैलू रनिंग बॅक हाती लागला, आता विजेतेपद दूर नाही. दुसऱ्या गटाचे म्हणणे, सतत जायबंदी होणाऱ्या माणसापायी संघाने पुढची दोन वर्षे गहाण टाकली. दोन्ही गट खेळ जाणणारे होते आणि दोघांकडेही आकडे होते. रनिंग बॅकसाठी केलेल्या प्रत्येक मोठ्या सौद्यावर अमेरिकेत असाच वाद पेटतो. त्यामागे तीन दशकांपूर्वीची एक कटू आठवण आहे, खेळाचे बदललेले गणित आहे आणि या एका जागेचे वेगळेपणही आहे.

अमेरिकन फुटबॉल हा जमीन जिंकण्याचा खेळ आहे. मैदान शंभर यार्डांचे, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे गोलक्षेत्र, प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड सर झाले की आणखी चार. चेंडू घेऊन गोलक्षेत्राची रेषा ओलांडली की टचडाउन, म्हणजे सहा गुण. प्रत्येक प्रयत्नात संघाचा सूत्रधार, म्हणजे क्वार्टरबॅक, दोनपैकी एक मार्ग निवडतो: चेंडू हवेतून एखाद्या रिसीव्हरकडे फेकायचा, किंवा मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हाती द्यायचा आणि त्याने तो पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसायचे.

या घुसण्यातच त्या जागेचे सारे मोल आणि सारे दुर्दैव आहे. रनिंग बॅकच्या पुढे पाच धिप्पाड लाइनमन असतात. प्रतिस्पर्ध्यांना रेटून ते एक फट पाडतात, आणि ती फट मिटायच्या आत रनिंग बॅकने तिच्यातून निसटायचे असते. जमिनीवरून एका धावेत सरासरी चार-सव्वाचार यार्ड मिळतात. हवेतून फेकलेल्या चेंडूवर सरासरी सात यार्डांच्या आसपास. शिवाय रनिंग बॅकला जवळजवळ प्रत्येक धावेच्या शेवटी कोणीतरी आडवे करते, अनेकदा दोघे-तिघे मिळून. गुडघे, घोटे, मांडीचे स्नायू, खांदे यांवर हा मार वर्षानुवर्षे बसत राहतो. क्वार्टरबॅक पस्तिशीतही उत्तम खेळू शकतो. रनिंग बॅकचे पाय सत्ताविशी-अठ्ठाविशीतच जड व्हायला लागतात. त्यामुळे अशा खेळाडूसाठी मोठी किंमत मोजणाऱ्या संघाने तो आजवर किती धावला एवढे पाहून भागत नाही. त्याच्या पायांत किती धावा उरल्या आहेत, याचाही त्याला अंदाज बांधावा लागतो.

ही किंमत कशात मोजतात, हेही समजून घ्यायला हवे. आयपीएल पाहणाऱ्यांना ट्रेड हा शब्द नवा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे परतला आणि पुढच्या मोसमात वानखेडेवर त्याला मुंबईच्याच प्रेक्षकांचा रोष सोसावा लागला. पण आयपीएलमधला ट्रेड रोख रकमेत किंवा खेळाडूच्या बदल्यात खेळाडू असा होतो, आणि नवे खेळाडू लिलावात मिळतात. अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, लिलाव नाही. तिथे दर वर्षी एप्रिलच्या सुमारास ड्राफ्ट भरतो. सात फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीत ३२ संघ महाविद्यालयांतून आलेल्या खेळाडूंमधून पाळीपाळीने एकेक निवडतात, आणि आदल्या हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाची पाळी पहिली. दुबळ्यांना वर यायची संधी मिळावी, हा हेतू. या पाळीलाच ‘पिक’ म्हणतात, आणि संघांमधल्या सौद्यांत चलन म्हणून चालते ते हेच. पिक देणे म्हणजे अजून महाविद्यालयात असलेला, नावही माहीत नसलेला एखादा खेळाडू देणे. चाहत्यांच्या वादाला धार येते ती इथे. घेतलेला खेळाडू डोळ्यांसमोर असतो, दिलेला खेळाडू कोणीच पाहिलेला नसतो. त्याला हवे तसे रंगवता येते.

दुसरे बंधन पगाराचे. १९९४ पासून एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आहे. २०२२ मध्ये ती २० कोटी ८२ लाख डॉलर होती. एकावर जास्त खर्च केला की दुसऱ्यावर कमी करावा लागतो. ड्राफ्टमधून आलेला नवा खेळाडू पहिली चार वर्षे ठरलेल्या, तुलनेने कमी पगारावर खेळतो. म्हणून पिक गमावणे म्हणजे स्वस्तात मिळणारे तरुण मनुष्यबळ गमावणे.

या साऱ्या हिशेबांवर ज्या एका सौद्याची सावली पडलेली आहे, तो १२ ऑक्टोबर १९८९ चा. डॅलस काउबॉइज हा संघ तेव्हा गाळात होता. त्या वर्षी फेब्रुवारीत जेरी जोन्स यांनी तो विकत घेतला, २९ हंगाम प्रशिक्षक राहिलेल्या टॉम लँड्री यांना काढले आणि जिमी जॉन्सन यांना आणले. नव्या राजवटीत पहिले पाचही सामने हरले. संघात नाव घेण्यासारखा एकच खेळाडू होता, रनिंग बॅक हर्शेल वॉकर. जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळताना १९८२ मध्ये त्याने महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च मान, हाइसमन करंडक, मिळवला होता आणि १९८८ मध्ये डॅलससाठी १५१४ यार्ड धाव घेतली होती. जॉन्सन यांनी हाच एकुलता एक तारा विकायला काढला.

गिऱ्हाईक मिळाले मिनेसोटा व्हायकिंग्जच्या रूपाने. त्यांचा बचाव लीगमधल्या उत्तम बचावांपैकी होता. आदल्या हंगामात सॅन फ्रान्सिस्कोने त्यांना बाद फेरीत हरवले होते, आणि महाव्यवस्थापक माइक लिन यांची खात्री झाली होती की संघात एकाच माणसाची कसर आहे. त्या एकासाठी त्यांनी पाच खेळाडू दिले आणि १९९०, १९९१ व १९९२ या तिन्ही वर्षांच्या पहिल्या व दुसऱ्या फेरीच्या पिक धरून एकंदर आठ पिक पणाला लावल्या. सौद्यात एक अट होती. दिलेल्या खेळाडूंपैकी कोणाला डॅलसने ठरावीक तारखेपर्यंत सोडून दिले, तर त्याच्याशी जोडलेली पिक डॅलसला मिळायची होती. डॅलस आपले चांगले खेळाडू कशाला सोडेल, असे लिन यांनी गृहीत धरले. जॉन्सन यांचा डोळा मात्र पहिल्या दिवसापासून पिकवरच होता.

त्या आठवड्यात नावे ठेवली गेली ती डॅलसला. पडत्या संघाने आपला एकमेव मोहरा घालवला, असा तिथल्या पत्रकारांचा आणि चाहत्यांचा सूर होता. मिनेसोटात जल्लोष होता. १५ ऑक्टोबरला, म्हणजे अवघ्या तीन दिवसांनी, वॉकर ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध मैदानात उतरला. पहिल्याच धावेत फळी फोडून तो निघाला. पळता पळता पायातला एक बूट निसटला, तरी तसाच धावत राहिला आणि ४७ यार्डांवर जाऊन थांबला. त्या दिवशी त्याने १४८ यार्ड मिळवले, व्हायकिंग्जनी सामना २६-१४ असा जिंकला, आणि स्टेडियममधल्या एकालाही त्या दुपारी या सौद्याविषयी शंका उरली नसेल.

पुढची अडीच वर्षे मात्र उतरणीची गेली. वॉकरला खोलवर उभे राहून, वेग पकडून सरळ रेषेत मुसंडी मारायची सवय होती. व्हायकिंग्जची चढाई वेगळ्या ठेक्यावर चालायची आणि ती त्याच्यासाठी कधी पुरती बदलली गेली नाही. तिथे एकाही हंगामात त्याला हजार यार्ड गाठता आले नाहीत. ज्या सॅन फ्रान्सिस्कोला मागे टाकण्यासाठी त्याला आणले, त्याच संघाने त्या हंगामाच्या बाद फेरीत व्हायकिंग्जना ४१-१३ असे चिरडले. पुढच्या वर्षी ते १६ पैकी फक्त सहा सामने जिंकले. १९९२ मध्ये वॉकर फिलाडेल्फियाला गेला आणि तिथे पहिल्याच हंगामात १०७० यार्ड धावला. म्हणजे पाय शाबूत होते. ही बाब वाद घालणारे बहुतेक जण विसरतात: वॉकरचा सौदा फसला तो वॉकर सामान्य होता म्हणून नव्हे. त्याच्यासाठी जागा तयार न करता त्याला आणले आणि एका माणसाच्या किमतीत अख्खा संघ देऊन टाकला, म्हणून तो फसला.

डॅलसने त्या पिकचे सोने केले. १९९० मध्ये मिनेसोटाकडून आलेली पहिल्या फेरीतली २१ वी पिक वापरून ते १७ व्या क्रमांकापर्यंत वर सरकले आणि एमिट स्मिथ हा रनिंग बॅक घेतला. कारकीर्द संपली तेव्हा स्मिथच्या नावावर १८,३५५ यार्ड होते. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. त्याच साठ्यातून पुढे बचावाचा कणा ठरलेला डॅरेन वुडसन आला. १९८९ मध्ये १६ पैकी एकच सामना जिंकलेल्या काउबॉइजनी १९९२, १९९३ आणि १९९५ या हंगामांचे सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचे अंतिम सामने, जिंकले.

या सौद्याने आणखी एक गोष्ट मागे ठेवली. हाती एवढ्या पिक आल्यावर कोणती किती मोलाची हे चटकन ठरवता यायला हवे होते. संघाच्या मालकीतले भागीदार माइक मॅकॉय यांनी १९९१ च्या सुमारास जुन्या सौद्यांवरून एक कोष्टक तयार केले. पहिल्या पिकला ३००० गुण, १७ व्या पिकला ९५०, पहिल्या फेरीच्या शेवटी असलेल्या ३२ व्या पिकला ५९०, असे ते खाली उतरत जाते. जिमी जॉन्सन यांच्या नावाने ओळखले जाणारे हे कोष्टक हळूहळू लीगभर पसरले आणि मग चाहत्यांच्याही हातात आले. पुढे जाणकारांनी त्यात बऱ्याच दुरुस्त्या सुचवल्या. वरच्या पिकना त्यात वाजवीपेक्षा जास्त भाव दिला आहे, हा त्यातला मुख्य आक्षेप. तरी आजही ट्रेड झाला की घराघरांत पहिली बेरीज-वजाबाकी होते ती बहुधा याच आकड्यांवर.

वॉकरच्या काळात रनिंग बॅक हा निदान संघाचा राजा मानला जात होता. नंतर तेही राहिले नाही. याची सुरुवात आधीच झाली होती. १९७८ मध्ये नियम बदलून रिसीव्हरना अडवण्यावर बंधने आली आणि लाइनमनना हात पसरून क्वार्टरबॅकचे रक्षण करायची मुभा मिळाली. तेव्हापासून हवाई खेळ वाढतच गेला. संघ एकाच रनिंग बॅकवर विसंबण्याऐवजी दोघे-तिघे आलटून पालटून वापरू लागले. आकडेवारीचे अभ्यासक दाखवू लागले की धावेतून मिळणारे यार्ड बरेचसे लाइनमन आणि समोरच्या बचावाची रचना यांवर ठरतात, धावणारा कोण आहे यावर त्या मानाने कमी. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही. १९६७ मध्ये एकत्रित ड्राफ्ट सुरू झाल्यापासून असे पहिल्यांदाच घडले. २०१४ मध्ये पुन्हा तेच.

त्याच २०१३ च्या सप्टेंबरमध्ये दुसरा इशारा मिळाला. क्लीव्हलँड ब्राउन्सनी आदल्याच वर्षी एकूण तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला ट्रेंट रिचर्डसन इंडियानापोलिस कोल्ट्सना दिला आणि बदल्यात पहिल्या फेरीची पिक घेतली. क्लीव्हलँडचे चाहते संतापले, इंडियानापोलिसचे हरखले. रिचर्डसनने त्या हंगामात कोल्ट्ससाठी १५७ वेळा चेंडू नेला आणि ४५८ यार्ड मिळवले. एका धावेला तीन यार्डही नाहीत. समोर उघडलेली फट त्याला दिसत नसे, असे त्याचे सामने पाहणारे सांगत. २०१४ नंतर तो एनएफएलमध्ये खेळला नाही. क्लीव्हलँडने त्या पिकच्या आधाराने क्वार्टरबॅक जॉनी मॅन्झिएल घेतला आणि तोही दोन हंगामांत संपला. या सौद्यात कोणीच जिंकले नाही.

सौद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांकडेही इतिहास आहे, आणि तो कमी भरभक्कम नाही. एप्रिल १९९९ मध्ये सेंट लुइस रॅम्सनी मार्शल फॉक फक्त दुसऱ्या आणि पाचव्या फेरीच्या पिकवर मिळवला. त्या हंगामात धावून आणि झेलून मिळून त्याने २४२९ यार्ड केले आणि रॅम्स सुपर बोल जिंकले. ज्या कोल्ट्सनी त्याला सोडले त्यांनी एजरिन जेम्स निवडला आणि त्यांचेही भले झाले. ऑक्टोबर २०१० मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्सनी बफेलोकडून मार्शॉन लिंच घेतला तो चौथ्या फेरीची एक आणि आणखी खालच्या फेरीची एक अशा दोन पिकवर. ८ जानेवारी २०११ रोजी न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्ध त्याने ६७ यार्डांची धाव काढली. एकामागून एक बचावपटू झटकत तो निघाला, आणि सिअ‍ॅटलच्या प्रेक्षकांनी असे थैमान घातले की जवळच्या भूकंपमापकावर हादरे उमटले. तीन वर्षांनी तोच लिंच सिअ‍ॅटलला सुपर बोल जिंकून देणाऱ्या संघात होता. फॉक आणि लिंच दोघेही वॉकरपेक्षा कितीतरी स्वस्तात मिळाले होते, हे इथे महत्त्वाचे.

मॅकॅफ्रीच्या सौद्यावर नाइनर्सचे चाहते भांडत होते तेव्हा ही सगळी उदाहरणे दोन्ही बाजूंनी फेकली जात होती. विरोधकांचे पहिले हत्यार होते दुखापती. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर निवडलेल्या मॅकॅफ्रीने २०१९ मध्ये धावून १३८७ आणि झेलून १००५ यार्ड केले होते. एकाच हंगामात दोन्हीकडे हजाराचा टप्पा गाठणारा तो तिसराच. त्याच्याआधी १९८५ मध्ये नाइनर्सचाच रॉजर क्रेग आणि १९९९ मध्ये फॉक. त्यानंतर पँथर्सनी त्याच्याशी चार वर्षांचा, ६ कोटी ४० लाख डॉलरचा वाढीव करार केला, आणि पुढच्या दोन हंगामांतल्या ३३ सामन्यांपैकी तो फक्त दहा खेळला.

दुसरा आक्षेप रिकाम्या तिजोरीचा. क्वार्टरबॅक ट्रे लान्स मिळवण्यासाठी नाइनर्सनी २०२१ मध्येच पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पिक देऊन टाकल्या होत्या. आता दुसरी फेरीही गेली. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या दोन फेऱ्यांत त्यांच्याकडे निवडायला काहीच उरणार नव्हते.

तिसरा आक्षेप सर्वांत विचार करायला लावणारा होता, आणि तो खुद्द प्रशिक्षक काइल शॅनाहन यांच्या घराण्याशी भिडत होता. त्यांचे वडील माइक शॅनाहन यांनी डेन्व्हरमध्ये अशी धाव-पद्धत बसवली होती की तिच्यात साधारण गणले गेलेले रनिंग बॅकही चमकत. सगळे लाइनमन एकाच दिशेने सरकतात, बचाव ताणला जातो आणि धावणारा योग्य क्षणी एक पाय रोवून मोकळ्या वाटेने वर वळतो. सहाव्या फेरीत घेतलेला टेरेल डेव्हिस १९९८ मध्ये याच पद्धतीत २००८ यार्ड धावला. मुलाने तोच वारसा सॅन फ्रान्सिस्कोत चालवला. ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेला रहीम मॉस्टर्ट जानेवारी २०२० च्या उपांत्य लढतीत ग्रीन बेविरुद्ध २२० यार्ड धावला आणि त्याने चार टचडाउन केले. २०२१ मध्ये सहाव्या फेरीतला इलायजा मिचेल पहिल्याच हंगामात ९६३ यार्ड धावला. जिथे पद्धतच धावपटू घडवते, तिथे तयार धावपटूसाठी चार पिक कशाला मोजायच्या, या प्रश्नाला सोपे उत्तर नव्हते.

सौद्याच्या समर्थकांनी उत्तर दिले ते वेगळ्या दिशेने: मॅकॅफ्रीला नुसते धावण्यासाठी आणलेलेच नाही. त्याचा उपयोग एखाद्या चालीत बारकाईने पाहिला की हे पटते. नाइनर्स रनिंग बॅक, फुलबॅक आणि टाइट एंड असे दणकट खेळाडू घेऊन मैदानात येतात. जमिनीवरून हल्ला होणार असे समजून समोरचा संघ बचावाला वजनदार लाइनबॅकर उतरवतो. मग खेळ सुरू व्हायच्या क्षणभर आधी मॅकॅफ्री मागची जागा सोडून कडेला जाऊन रिसीव्हरसारखा उभा राहतो. त्याच्यामागे आता एक जाडजूड लाइनबॅकर धावणार असतो, आणि दोघांच्या पायांतला फरक सगळ्या स्टेडियमला दिसतो. पुढच्या वेळी बचावाने चपळ पण हलके खेळाडू आणले, तर नाइनर्स तेच अकरा जण ठेवून चेंडू सरळ मधून पळवतात. एकही खेळाडू न बदलता दोन्ही धमक्या कायम राहतात. डीबो सॅम्युअल हा रिसीव्हर आधीच रनिंग बॅकसारखा धावत होता, टाइट एंड जॉर्ज किटल आणि फुलबॅक काइल युशचेक अडवायचे आणि झेलायचेही. अशा संघात मॅकॅफ्रीची किंमत त्याच्या एकट्याच्या यार्डांत मोजता येत नव्हती.

पैशाची बाजूही वरवर दिसत होती तशी नव्हती. पँथर्सनी त्याच्या कराराचा बराच भार आधीच उचललेला होता. त्या हंगामातला त्याचा उरलेला मूळ पगार नाइनर्सना दहा लाख डॉलरपेक्षाही कमी पडला.

सौद्यानंतर तीनच दिवसांनी तो कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध थोडा वेळ खेळला. नवी चढाई अजून अंगवळणी पडायची होती. नाइनर्स ४४-२३ असे हरले आणि विरोधकांचा आवाज चढला. ३० ऑक्टोबरला लॉस एंजेलिसमध्ये गाठ रॅम्सशी होती. मॅकॅफ्रीसाठी रॅम्सही प्रयत्नात होते, अशा बातम्या आधी आल्या होत्या. या सामन्यात क्वार्टरबॅकने मॅकॅफ्रीकडे मागे चेंडू दिला. तो धावेल म्हणून बचाव त्याच्यावर झेपावला, तर त्याने उभ्यानेच चेंडू फेकला आणि ३४ यार्डांवर ब्रँडन आयुकने तो झेलून टचडाउन केला. नंतर मॅकॅफ्रीने स्वतः एक टचडाउन झेलला आणि शेवटी एक यार्डावरून घुसून तिसरा केला. फेकून, झेलून आणि धावून असे तिन्ही प्रकारचे टचडाउन एकाच सामन्यात २००५ नंतर कोणी केले नव्हते. नाइनर्स ३१-१४ असे जिंकले. पुढे त्यांनी नियमित हंगामातला एकही सामना गमावला नाही. तीन विजय आणि चार पराभवांवर अडखळलेला संघ १३ विजय आणि चार पराभवांवर पोचला. तेही क्वार्टरबॅक जायबंदी होऊन, ड्राफ्टमध्ये सर्वांत शेवटी, २६२ व्या क्रमांकावर निवडलेला नवखा ब्रॉक पर्डी खेळत असताना. पर्डीला अडचणीत सापडल्यावर जवळच चेंडू देण्याजोगा एक भरवशाचा माणूस मिळाला होता, आणि या सौद्याचा हा फायदा कोणत्याही कोष्टकात मांडलेला नव्हता.

२०२३ मध्ये मॅकॅफ्री १४५९ यार्डांसह लीगमध्ये सर्वाधिक धावला, त्याने एकूण २१ टचडाउन केले आणि वर्षातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. सांता क्लारातल्या लेव्हाइज स्टेडियमवर त्याच्या २३ क्रमांकाच्या जर्सी हजारोंनी दिसू लागल्या. हे शहर सिलिकॉन व्हॅलीच्या ऐन मध्यावर आहे आणि तिथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या मुलांचाही हाच घरचा संघ. पण ११ फेब्रुवारी २०२४ रोजी लास व्हेगासच्या सुपर बोलमध्ये नाइनर्स जादा वेळेत चीफ्सकडून २५-२२ असे हरले, आणि सौद्यावेळी ज्याचे स्वप्न दाखवले गेले ते विजेतेपद हुकले. जूनमध्ये संघाने त्याचा करार आणखी दोन वर्षांनी, ३ कोटी ८० लाख डॉलरने वाढवला. लगोलग टाचेच्या शिरांचे आणि मग गुडघ्याचे दुखणे आले. त्या हंगामात तो चारच सामने खेळला आणि संघ १७ पैकी ११ सामने हरला. २०२२ चा ट्रेड उत्तम होता असे मानणारे कित्येक चाहते तेव्हा २०२४ च्या या कराराला मात्र चूक म्हणू लागले. ही विसंगती नाही. २६ वर्षांच्या खेळाडूला कमी पगारात घेणे आणि २८ व्या वर्षी त्याला सर्वांत महागडा रनिंग बॅक करणे, हे दोन वेगळे निर्णय आहेत.

पँथर्सच्या चाहत्यांचा हिशेब अर्थातच वेगळा. त्यांचा संघ पडता होता, प्रशिक्षक मॅट रूल यांना त्याच महिन्यात काढले होते, आणि अशा संघाने महागडा रनिंग बॅक सांभाळत बसण्यात अर्थ नव्हता. १९८९ च्या डॅलसप्रमाणेच त्यांनी पुन्हा उभारणीसाठी बी-बियाणे मागून घेतले. फरक पडला तो पेरणीत. नाइनर्सकडून आलेली दुसऱ्या फेरीतली पिक, म्हणजे ६१ वी, त्यांनी मार्च २०२३ मध्ये शिकागो बेअर्सना दिली. सोबत आपली नववी पिक, २०२४ ची पहिल्या फेरीची, २०२५ ची दुसऱ्या फेरीची आणि रिसीव्हर डी. जे. मूर हेही दिले, आणि पहिला क्रमांक मिळवून क्वार्टरबॅक ब्राइस यंग घेतला. नाइनर्सच्या तिसऱ्या आणि चौथ्या फेरीच्या पिक पिट्सबर्गला देऊन थोडी वरची पिक मिळवली आणि डी. जे. जॉन्सन हा बचावपटू निवडला. त्याचा प्रभाव पहिल्या दोन हंगामांत फारसा जाणवला नाही. यंगच्या पहिल्या हंगामात संघाने १७ पैकी दोनच सामने जिंकले. लीगमध्ये तळाला गेल्यामुळे पँथर्सना २०२४ चा पहिला क्रमांक मिळाला असता. पण ती पिक त्यांनी आधीच शिकागोला दिलेली होती, आणि शिकागोने तिच्यावर केलेब विल्यम्सची निवड केली.